रविवार ते गुरुवार

चि. मुक्ता,

नव्या मालिकेवरच्या परीक्षणाचा तुझा मसुदा वाचला. भाषा छान आहे, पण निम्म्याहून अधिक मजकूर कोण चिडलं, कोण घाबरलं, कुणी बंदी मागितली यातच खर्ची पडलाय. मालिका राहिली बाजूला! म्हणून लंडनचा एक जुना आठवडा तुला सांगते.

१२ डिसेंबर १९५४, रविवारची रात्र. बीबीसीने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या हुकूमशाहीवरच्या कादंबरीचं नाट्यरूप लाइम ग्रोव्ह स्टुडिओतून थेट दाखवलं. संहिता नायजेल नील यांची, नायक विन्स्टन स्मिथच्या भूमिकेत पीटर कुशिंग. दिग्दर्शक रूडॉल्फ कार्टियर नाझी सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून आलेले. हुकूमशाही त्यांना पुस्तकातून शिकायची नव्हती. (ऑर्वेलचा जन्म मोतिहारीचा. युद्धाच्या काळात बीबीसीत भारतासाठीचे कार्यक्रम करताना त्याच्या सहकाऱ्यांत कोल्हापूरकडच्या वेणू चितळे होत्या. त्यांच्यावर कधीतरी लिही.)

ब्रिटनमध्ये तेव्हा वाहिनी एकच. दुसरी, आयटीव्ही, सुरू झाली १९५५च्या सप्टेंबरात. म्हणजे ज्याला हे नको होतं त्याच्यापुढे टीव्ही बंद करण्याखेरीज पर्याय नव्हता. त्यात सुट्टीची रात्र, घरची मंडळी एकत्र बसलेली, आणि पडद्यावर विन्स्टनच्या तोंडाशी आणलेला उंदरांचा पिंजरा.

बीबीसीतले फोन खणखणू लागले. पार्लमेंटात पाच हुजूरपक्षीय खासदारांनी निषेधाचा ठराव मांडला, तर बीबीसीच्या धाडसाची पाठराखण करणारेही पुढे आले. हर्न बे गावातली एक बाई कार्यक्रम पाहता पाहता कोसळून वारली, आणि ‘डेली एक्सप्रेस’ने ती बातमी कार्यक्रमाशी जोडून ठळक छापली. गुरुवारी तेच नाटक पुन्हा सादर व्हायचं होतं. रेकॉर्डिंग लावायचं नव्हतं, सगळ्या नटांनी ते नव्याने करायचं होतं. ते होऊ द्यावं की नाही, यावर बीबीसीच्या नियामक मंडळात मतं पडली आणि थोडक्या फरकाने होकार मिळाला. तेवढ्यात प्रिन्स फिलिप यांनी जाहीरपणे सांगितलं, की राणीने आणि आपण ते पाहिलं आणि आवडलं. झालं! गुरुवारी सुमारे सत्तर लाख लोक टीव्हीसमोर बसले. १९५३च्या राज्याभिषेकानंतरचा तो सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग. जानेवारीत रेडिओवरच्या ‘गून शो’ने त्याचं विडंबनही करून टाकलं.

आता यातलं नाटकाबद्दल काय होतं, सांग. खासदारांचा राग रविवारच्या रात्रीवर होता. वर्तमानपत्राला मथळा हवा होता. राजघराण्याची पसंती ही तर समीक्षा नव्हेच. आणि सत्तर लाखांतले किती कलेसाठी बसले नि किती कुतूहलापोटी, ते कोण मोजणार?

गुरुवारच्या प्रयोगाचं चित्रण टिकलंय. उंदरांचा प्रसंग मला आज तितकासा भिववत नाही. भिववतो तो उपाहारगृहातला साइम, डोनाल्ड प्लेझन्सने केलेला. भाषेतले शब्द कसे नष्ट करायचे, हे तो कामात रमलेल्या हुशार कारकुनाच्या उत्साहाने सांगतो. त्याच्यावर कुणी जबरदस्ती केलेली दिसत नाही, तो खरोखर खूश आहे. त्या आठवड्याच्या गदारोळात याची चर्चा मला फारशी आढळत नाही.

तुझ्या मालिकेतही असा एखादा साइम असेल. प्रतिक्रियांचा भाग एका परिच्छेदात आण. कोण, कुठे, कशावर चिडलं एवढंच त्यात ठेव. मालिकेचा तिसरा भाग पुन्हा बघ, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. नवा मसुदा शुक्रवारपर्यंत आला तर रविवारी वाचून कळवीन.

तुझी,
मावशी