अपंगत्व खेळाडूचे की साधनाचे?
(द्वितीय वर्ष, कला)

असल्फ्याच्या डोंगरावर आमच्या शेजारीच मावशीचे घर आहे. तिचा बाळू सतरा वर्षांचा. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. बोटे मनाप्रमाणे वळत नाहीत. मात्र डावी मूठ तो हवी तेव्हा टेकवू शकतो. संध्याकाळी गल्लीतील मुले मोबाईलवर लुडो खेळत आणि बाळूला नुसते बघायला बसवीत. त्या मुलांत मीही होतो, हे कबूल केले पाहिजे.

'त्याला खेळता येत नाही,' असे आपण सहज म्हणतो. पण दोष खेळाडूचा की साधनाचा? बुद्धिबळाचे उदाहरण घेऊ. अंधांच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक व मोहऱ्याला खुंटी असते, काळ्या मोहऱ्यांवर खूण असते. पट बदलला, खेळ तोच राहिला. मुंबईचे चारुदत्त जाधव स्वतः अंध. त्यांनी अंध बुद्धिबळपटूंची अखिल भारतीय संघटना उभारली आणि चाली बोलून दाखविणारी 'टॉक-६४' ही संगणकप्रणाली तयार केली. हांगझोऊ येथे २०२३ साली झालेल्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत दर्पण इनानी या अंध खेळाडूने बुद्धिबळात सुवर्णपदक मिळविले.

व्हिडिओ गेमचेही असेच आहे. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर आणला. त्यावर दोन मोठी बटणे असून मागे १९ खाचा आहेत. हाताने, पायाने वा हनुवटीने दाबायची बटणे त्यांत जोडता येतात. २०२३ साली सोनीनेही 'ॲक्सेस' कंट्रोलर काढला. ही साधने आपल्या वस्तीला परवडणारी नाहीत, हे खरे. पण सुरुवात त्यांच्यावाचूनही करता येते.

पहिली गोष्ट म्हणजे खेळणाऱ्यालाच विचारावे, की कोणती हालचाल न थकता पुन्हा पुन्हा जमते. दुसरी, घाई नसलेला, पाळीपाळीने चालणारा खेळ निवडावा. तिसरी, फोन हातात न देता स्टँडवर पक्का बसवावा. चौथी, अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमधील 'स्विच ॲक्सेस' चालू करावे. त्यात पडद्यावर रेघ सरकत जाते. हव्या जागी आली की एक कळ दाबायची. ही कळ म्हणून जुना कीबोर्डही चालतो.

बाळूची मूठ एकदम चार कळांवर पडे. म्हणून मी पुठ्ठा कापून कीबोर्ड झाकला आणि फक्त लांब पट्टी उघडी ठेवली. एवढ्याने काम झाले.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम हरलो. बाळूला ते कळले. ओठ आवळून तो म्हणाला, "दादा, नीट खेळ." मग नीट खेळलो. तो तीन डाव हरला. चौथ्यात घराच्या तोंडाशी आलेली माझी सोंगटी त्याने मारली आणि मावशी चुलीपुढून उठून पाहायला आली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये खेळ व करमणूक यांचाही विचार केलेला आहे. कायदा घरोघर पोहोचेल तेव्हा पोहोचो. आपल्या जिमखान्यात एक जुना कीबोर्ड आणि एक पुठ्ठा ठेवायला काय हरकत आहे?