डोंगरावरून परतल्यानंतरचा ताप

शुक्रवारी रात्री अड्यारहून गाडी काढायची, शनिवारी सकाळी येलगिरीचा घाट चढायचा आणि रविवारी रात्री घरी. चेन्नईकरांची ही फेरी आता बारमाही झाली आहे. येलगिरी नाही तर येरकाड, जव्वादू, कोल्ली, आणि सुट्टी मोठी असेल तर निलगिरी. जरूर जा. समुद्रकाठच्या दमट हवेत घामाघूम होणाऱ्या शरीराला हजार-दीड हजार मीटर उंचीवरची चाल मानवते. माझा वाद परतल्यानंतरच्या एका समजुतीशी आहे. आठ-दहा दिवसांनी थंडी वाजून ताप भरतो, डोकं ठणकतं, आणि घरातलं निदान तयार असतं: हवापाणी बदललं, बाधलं. अहो, पाणी बाधायचं तर सहसा दोन-तीन दिवसांत पोट बिघडतं. दहाव्या दिवशीचा ताप वेगळा. डेंग्यू, मलेरिया असू शकतो. पण ज्याची आठवण कुणालाच होत नाही तो स्क्रब टायफस.

गवताझुडपांत माइट नावाचा सूक्ष्म जीव असतो. त्याची अळी, म्हणजे चिगर, डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. ती चावते तेव्हा कळत नाही, पण चाव्यातून स्क्रब टायफसचा जंतू शरीरात शिरतो आणि ताप यायला 6 ते 21 दिवस लागतात. चावल्याजागी अनेकदा काळी खपली धरते, सिगारेटचा चटका बसावा तशी. ती दुखत नाही आणि असते काखेत, जांघेत, स्तनांखाली, कमरपट्ट्याच्या रेषेवर. म्हणजे संकोचापोटी दाखवली न जाणारी जागा. थंडीत डास कमी, म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हेही ऐकावं: दक्षिणेत या आजाराचे रुग्ण पावसाळ्यानंतर आणि थंडीतच वाढतात. हा फक्त तमिळनाडूचा प्रश्न नाही. 2018 मध्ये नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत या तापाने माणसं दगावली.

यात प्लेटलेट्सही उतरतात. मग मोबाइलवरचे वैद्यराज सरसावतात आणि पपईच्या पानांचा रस सुरू होतो. प्लेटलेट्स कमी म्हणजे डेंग्यूच, हा हिशेब चुकीचा आहे, आणि रसाने हा जंतू मरत नाही. औषधाच्या दुकानातून आणलेल्या अमॉक्सिसिलिननेही मरत नाही, कारण तो आपल्या पेशींच्या आत राहतो आणि पेनिसिलिनच्या जातीची औषधं त्याच्यावर चालत नाहीत. डॉक्सीसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन चालतं, तेही स्वस्तात. बहुधा दोन दिवसांत ताप उतरू लागतो. वेल्लोरच्या सीएमसीच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आजार गंभीर असताना ही दोन्ही औषधं शिरेतून एकत्र दिल्यास एकेकट्या औषधापेक्षा अधिक लाभ दिसला.

आता कुणी म्हणेल, नाव कळलं, गोळी आम्हीच घेतो. नको. मलेरिया नाही ना, हे आधी रक्तातून बघावं लागतं. गरोदर बाईसाठी औषध वेगळं निवडावं लागतं. शिवाय पहिल्या आठवड्यात स्क्रब टायफसची रक्ततपासणीही निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा निर्णय खपली आणि प्रवासाची हकीकत यांवरच घ्यावा लागतो. दुसरा आक्षेप, आम्ही जंगलात गेलोच नाही, रिसॉर्टमध्ये होतो. चिगरला जंगल लागत नाही. हिरवळीच्या कडेचं रान पुरतं, आणि मुलं तिथेच लोळतात. सोबतच्या बाकी दहाजणांना काही झालं नाही, हाही पुरावा नव्हे. अळी सगळ्यांना चावत नाही. म्हणून फिरणं सोडायचं कारण नाही. पूर्ण बाह्या, मोज्यात खोचलेली पँट, उघड्या अंगावर डीईईटी असलेलं मलम, गवतावर बसताना चटई, आणि परतल्यावर आंघोळ करून कपडे गरम पाण्यात: एवढ्याने धोका पुष्कळ कमी होतो.

बहुतेकांचा ताप वेळेवर औषध मिळालं की निवळतो, घाबरू नका. मात्र धाप लागणं, बडबड किंवा गुंगी, डोळे पिवळे होणं, लघवी कमी होणं, ही लक्षणं दिसली तर रात्र असली तरी थेट मोठं रुग्णालय गाठा, सकाळची वाट पाहू नका. नुसता ताप असला तरी दोन दिवसांपेक्षा जास्त घरी काढू नका. आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर पॅरासिटामॉल किती घेतलं हे सांगण्याआधी कुठल्या डोंगरावर गेला होता आणि कोणत्या तारखेला परतलात, ते सांगा.