तृप्ती शिकावी लागते

आजचा शास्त्रभाग : फिलिप्पैकरांस ४:१०-१९



आजचं वचन पैशाच्या चिंतेबद्दल आहे, आणि हा विषय सध्या माझ्याही घरातला आहे. २०२१ मध्ये आम्ही पुण्यात कर्ज काढून फ्लॅट घेतला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला आणि आमचा हप्ता ३८ हजारांवरून ४५ हजारांवर गेला. आता माझा प्रोजेक्ट मार्चअखेर संपतोय, पुढचा अजून मिळालेला नाही. टीममधल्या दोघांना तर राजीनामा द्यायला सांगितलं. रात्री दोनला जाग आली की डोक्यात हिशेब सुरू होतो. अशा वेळी तृप्तीबद्दलचं वचन वाचणं सोपं असतं, जगणं नाही.

म्हणून पौल हे कुठून लिहितोय ते आधी पाहू या. तो बंदिवासात आहे. त्या काळी कैद्याचं खाणंपिणं बरंचसं बाहेरच्या आप्तमित्रांवर अवलंबून असे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली, आणि तो तिथे मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला (२:२५-३०). म्हणजे तृप्तीचा हा धडा भरल्या पोटी, निवांत बसून लिहिलेला नाही.

१. तृप्ती हा स्वभाव नाही, शिक्षण आहे.
आपण शांत स्वभावाचे आहोत, असं पौल म्हणत नाही. आपण हे शिकलो, असं म्हणतो (व. ११). आणि दोन्ही वर्गांत शिकलो, उपासमारीत आणि विपुलतेतही (व. १२). दुसरा वर्ग आपण विसरतो. पगार वाढला की गरजाही वाढतात, हे आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको. जास्त मिळालं की आपोआप समाधान येईल, असं पवित्र शास्त्र कुठेच म्हणत नाही.

२. वचन १३ भुकेच्या संदर्भात आहे.
ख्रिस्त सामर्थ्य देतो म्हणून मी सर्व काही करू शकतो, या अर्थाचं हे वचन आपण परीक्षेला, इंटरव्ह्यूला जाताना आठवतो. पण इथे "सर्व काही" म्हणजे तंगीही आणि भरपूरही. पौलाने तृप्तीसाठी वापरलेला ग्रीक शब्द त्या काळचे स्टोइक तत्त्वज्ञ "मला कुणाचीच गरज नाही" अशा अर्थाने वापरत. पौल शब्द तोच घेतो, पण त्याचा आधार बदलतो. स्वतःच्या मनाच्या ताकदीवर नाही, तर ख्रिस्तावर तो उभा आहे.

३. तृप्त माणूस आपली गरज लपवत नाही.
मला वाटतं, या अध्यायातली सर्वात दुर्लक्षित ओळ चौदावी आहे. मी तृप्त आहे असं सांगून झाल्यावर लगेच पौल म्हणतो की, माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे चांगलं केलंत. तृप्ती आणि मदत घेणं यांत त्याला विरोध दिसत नाही. आपल्याकडे मात्र "चांगला पगार आहे, तुला काय कमी?" हे ऐकायला लागेल म्हणून आपण गप्प बसतो. विश्वास आहे म्हणून गप्प आहोत, की लाज वाटते म्हणून? हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

४. वचन १९ कुणाला दिलंय?
देव तुमची गरज भागवील, हे आश्वासन श्रीमंतांना दिलेलं नाही. मासेदोनियातल्या मंडळ्या कमालीच्या गरिबीत असूनही उदारपणे देत होत्या, असं पौल २ करिंथकरांस ८:१-२ मध्ये सांगतो. फिलिप्पै त्याच प्रांतातलं. स्वतःच्या तुटपुंज्यातून दुसऱ्याला दिलेल्या लोकांना तो हे सांगतोय. आणि शब्द "गरज" आहे, "इच्छा" नाही.

हे वाचल्यावर बायकोने आणि मी ठरवलं, की आमच्या घरगुती प्रार्थनासभेत परिस्थिती उघड सांगायची. सांगितली. हप्ता कमी झाला नाही. पण एका निवृत्त काकांनी आमच्याबरोबर बसून घरखर्चाची वही तपासली, आणि आमच्याइतकाच घाबरलेला आणखी एक तरुण सभा संपल्यावर बोलायला थांबला. त्याची नोकरी दोन महिन्यांपूर्वीच गेली होती आणि त्याने घरीही सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात आमच्या किराण्याबरोबर त्याचाही किराणा भरला. मार्चनंतर काय होईल ते अजून माहीत नाही. शिकणं चालू आहे.

आज करून पाहा : एका कागदावर "गरज" आणि "इच्छा" असे दोन रकाने करा. मग आपली खरी स्थिती मंडळीतल्या एका विश्वासू व्यक्तीला सांगा. आणि आपल्याहून अडचणीत असलेल्या एकाला काहीतरी द्या, थोडं का होईना.

प्रार्थना : प्रभू येशू, उद्याचा हिशेब मला जुळत नाही, पण उद्या तुझ्या हातात आहे. तंगीत कुरकुर नको आणि भरपूर असताना तुझा विसर नको. गरज सांगण्याची नम्रता आणि दुसऱ्याची गरज पाहण्याची दृष्टी दे. ज्यांची नोकरी गेली आहे त्यांना धीर दे. तुझ्याच नावात मागतो, आमेन.