अक्कांना विचारलेला प्रश्न आणि भगिनींवर सुटलेला गोटा



पांढुर्णा-सौंसर भागातील वाचकांना गोटमार सांगावयास नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन्ही तीरांवरून गोटे सुटतात. लोककथा अशी की, पांढुर्ण्याचा तरुण सावरगावची मुलगी घेऊन नदी ओलांडत असता दोन्हीकडून दगड आले. त्या मुलीचे म्हणणे काय, हे कोणी विचारले नाही.

असाच मारा आज मोबाईलवरून वर्षभर चालतो. मध्यप्रदेशात पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. भगिनी सरपंच होते, सभेत बोलते, आणि तिच्या नळयोजनेऐवजी तिचे चारित्र्य, रूप, नवरा यांवरच शब्द पडतात. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ९५ महिला राजकारण्यांचा उल्लेख असलेले संदेश तपासले. त्यांत सुमारे सातांपैकी एक अपमानकारक अथवा आक्षेपार्ह आढळला.

कोणी म्हणेल, सार्वजनिक जीवनात आल्यावर प्रश्न सोसावेच लागतात. हे खरे आहे. अनुभवमंटपात अक्कमहादेवींनाही कठोर प्रश्न झाले. १५ व्या शतकातील ‘शून्यसंपादने’ या ग्रंथात तो संवाद आहे. अल्लमप्रभूंनी त्यांना पती कोण हे विचारले. वस्त्र त्यागले तर केसांनी देह का झाकला, हेही विचारले. मग प्रभूंचा प्रश्न आणि आजची शिवी यांत भेद कोणता?

भेद तीन आहेत. पहिला, प्रभूंनी समोर बसून, स्वतःच्या नावानिशी विचारले. दुसरा, विचारून ते थांबले. अक्कांचे उत्तर पूर्ण ऐकले. तिसरा, उत्तर पटताच त्यांनी सर्व शरणांसमक्ष अक्कांची थोरवी मान्य केली. शिवी देणारा तोंड लपवितो, उत्तराची वाट पाहत नाही, आणि उत्तर मिळाले तरी दुसरा गोटा उचलतो. त्याला काही जाणून घ्यावयाचे नसते; समोरची गप्प बसावी एवढेच हवे असते. १८४८ नंतर पुण्यात मुलींना शिकविण्यास निघालेल्या सावित्रीबाई फुले यांच्यावर शेण-चिखल फेकणाऱ्यांचा हेतू हाच होता.

शब्दाने किंवा हावभावाने स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणे हा कायद्यानेही गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ मध्ये त्यास ३ वर्षांपर्यंत साधी कैद व दंड सांगितला आहे. परंतु ज्या धर्माने स्त्रीलाही इष्टलिंग दिले आणि रजसूतक मानले नाही, त्याच्या अनुयायाने कायद्याच्या भीतीची वाट का पाहावी?

म्हणून अभ्यास एवढाच करावा. एखाद्या भगिनीविषयी लिहिण्यापूर्वी किंवा आलेला मजकूर पुढे पाठविण्यापूर्वी स्वतःस विचारावे: हे मी तिच्यासमोर माझ्या नावाने म्हणेन काय? तिचे उत्तर ऐकेन काय? ते पटले तर चारचौघांत मान्य करीन काय? तिन्हींस होकार असेल तर प्रश्न कितीही कठोर असो, अवश्य विचारावा. एकासही नकार आला तर हात आवरावा. आणि गावच्या गटात दुसरा कोणी गोटा फेकीत असेल, तर त्यास तेथेच, सर्वांदेखत थांबवावे.

शरणु शरणार्थी.