प्रश्न कसा विचारावा?



घरातील माणूस खचला की आपण उपदेश करतो, नाही तर उलटतपासणी घेतो. दोन्हींनी त्याचे तोंड बंद होते.

जळगावला आमच्या वस्तीतील एक मुलगा दहावीत नापास झाला. त्याने जेवण सोडले. बाप विचारी, "अभ्यास का नाही केलास?" मी शिक्षक, मीही तेच विचारले. मुलगा मान वर करीना. त्याची आजी जवळ बसली आणि म्हणाली, "तुले काय जड वाटी ऱ्हायनं, भाऊ?" मग ती गप्प राहिली. बऱ्याच वेळाने पोरगा बोलला, "धुयाना मामाले तोंड कसं दखाडू?" दुःख गुणपत्रिकेचे नव्हते, लाजेचे होते. निरक्षर आजीला ते विचारता आले. मला, पदवीधराला, आले नाही.

समुपदेशनाच्या शास्त्रात हेच शिकवतात. दुःखी माणसाला 'का?' हा प्रश्न आरोपासारखा लागतो. 'हो-नाही'चा प्रश्न एका शब्दात संपतो. 'काय वाटते?', 'केव्हापासून?', 'त्या वेळी काय झाले?' या प्रश्नांनी माणूस आपल्या मनात डोकावतो. एका वेळी एकच प्रश्न विचारावा. मग थांबावे. उत्तर आपण पुरवू नये.

भगवान बुद्धांनी प्रश्नांची उत्तरे देण्याचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांत उलट प्रश्न विचारून उत्तर देणे हा एक आहे. सोण भिक्खू अतिश्रमाने निराश होऊन घरी परतण्याचा विचार करीत होता. बुद्धांनी त्याला रागावून विचारले नाही. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तार फार ताणली तर वीणा नीट वाजे काय? फार सैल सोडली तर? आणि बेताची लावली तर? उत्तरे सोणाने स्वतःच दिली, आणि आपली चूकही त्यालाच उमगली.

एक प्रश्न विचारायला आपण भितो. "जीव द्यावासा वाटतो का?" असे शांतपणे विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उलट माणसाला बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आले तर त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

आपल्या घरांतून शिकणाऱ्या पहिल्या मुलावर साऱ्या कुटुंबाच्या आशा असतात. ते ओझे तो बोलून दाखवत नाही.

या आठवड्याचा पाठ : रोज रात्री घरातील एकाला एक प्रश्न विचारा, 'का' हा शब्द न वापरता. आणि उत्तर संपेपर्यंत ऐका.

जयभीम.