कुरणाची वाढ आणि झीज

मोर्शीकडील शेतकरी कुरणाचा हिशेब गंजीवरून करितो. गंजी मोठी झाली कीं वर्ष चांगलें. परंतु पावसाळ्यांत उगवलेलें सर्वच गवत गंजींत येत नाहीं. त्यांतून जागच्या जागीं मेलेलें व कुजलेलें वजा जाऊन जें उरतें, तेवढेंच आपल्या पदरांत पडतें.

गवताचें पान कांहीं आठवडेच जगतें. चराई किंवा कापणी झाल्यावर पानें थोडीं उरतात. म्हणून आरंभींची वाढ मंद असते, व ती बुडख्यांत आणि मुळांत सांठविलेल्या अन्नावर चालते. पानें पसरलीं कीं वाढीस जोर येतो. पुढें वरच्या पानांची सावली पडून खालचीं पिवळीं पडतात. अखेर जितकीं नवीं येतात तितकींच जुनीं मरतात, आणि कुरण दाट दिसलें तरी चारा वाढत नाहीं. फ्रान्समधील आंद्रे व्हाझां यांनीं १९५७ सालच्या आपल्या ग्रंथांत दोन चराईंमधील विश्रांतीस महत्त्व दिलें तें याच कारणास्तव. त्यांचे दिवस मात्र आपण उसने घेऊं नयेत. तो मुलूख थंड, आणि आपली वाढ सारी चार महिन्यांच्या पावसावर.

विश्रांती न देतां ढोरें सोडलीं कीं काय होतें, हें आपल्या गांवोगांवच्या ई-क्लासांत दिसतें. दबडघाव व शंकरनारायण यांनीं १९७३ सालीं भारतांतील गवतांचे जे प्रकार पाडले, त्यांत आपला पट्टा शेडा व मारवेल यांचा ठरतो. हीं बहुवर्षायु गवतें वारंवार ओरबाडलीं गेलीं कीं त्यांचीं मुळें आंखडतात व जागा कुसळीस मिळते. तीहि खालावली कीं एकवर्षायु हलकें गवत आणि उघडी जमीन एवढेंच राहतें. इंग्रजी अमदानींत वऱ्हाडांतील जंगलाचे तीन वर्ग असत, व त्यांत चराईच्या रानांहून गवताचे रमणे निराळे राखीत. ती वांटणी सरकारी सोयीची असली तरी गवतास मानवणारी होती.

उलट चूकहि होते. पुष्कळजण बीं पिकून गवत वाळेपर्यंत विळा लावीत नाहींत. फुलोऱ्याच्या सुमारास गवतांत शेंकडा सहा-सात प्रथिन असतें. पूर्ण वाळल्यावर तें तीनच्या आंत येतें, आणि तेवढ्यावर बैलाचें वजन टिकत नाहीं. कुसळीचीं कुसळें तर ढोरांच्या तोंडांत रुततात. म्हणून तिची कापणी कुसळें कडक होण्यापूर्वींच उरकावी. पाऊस लांबला तर गवत भिजण्याचें भय आहे खरें, तरीहि उघडीप पाहून थोडें थोडें कापणें वाळलेल्या काडीची मोठी गंजी रचण्याहून हितकर.

न कापलेलें गवत आपल्या कोरड्या हवेंत लवकर कुजतहि नाहीं. करडें होऊन उभें राहतें व पुढील मृगांतील कोंबांवर सावली धरतें. तें जाळण्याची चाल आहे. जाळल्यानें सावली जाते, पण त्यांतील नत्रहि हवेंत जातें आणि पहिल्या वळवाच्या माऱ्यास जमीन उघडी पडते. कापतांना तीन-चार बोटें बुडखा राखावा, आणि कुरणाचे चार भाग करून दरसाल एक भाग बीं झडेपर्यंत मोकळा ठेवावा. त्या भागांत गायकी ढोरें नेणार नाहीं अशी ताकीद पोळ्यापूर्वींच द्यावी. बीं झडल्यावर मात्र तेथें चारण्यास हरकत नाहीं, कारण खुरांनीं तें मातींत दाबलें जातें.