पानाचे बळ कसे मोजावे?

पत्त्यांच्या खेळास आपल्याकडे फारशी प्रतिष्ठा नाही. तरीही विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी विचारात घ्यावा असा एक प्रश्न त्यात आहे. हाती आलेल्या पानाचे बळ कशावरून ठरवावे? पानावरच्या आकड्यावरून, की डावात बसलेल्या माणसांवरून?

नोकरीनिमित्त मी बडोद्यास राहतो. आमच्या शेजारची महाविद्यालयीन मुले सुट्टीच्या दिवशी ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ मांडून बसतात. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला हा खेळ १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. यात प्रत्येकाने पाने विकत घ्यायची, मित्रांशी अदलाबदल करायची आणि आपला जोड आपणच बांधायचा. पुष्कळ पानांवर लढणारे जीव असतात. मुले त्यांना ‘क्रीचर’ म्हणतात. अशा पानावर दोन आकडे असतात : पहिला मार देण्याच्या बळाचा, दुसरा मार सोसण्याच्या बळाचा. चारचे पान दोनच्या पानाहून दुप्पट भारी, असा हिशेब नवखा खेळाडू करतो. दोघांच्या डावात हा हिशेब बराचसा चालून जातो. चौघांच्या डावात तो चालत नाही. याची तीन कारणे मला दिसतात.

पहिले कारण साध्या अंकगणिताचे आहे. दोघांच्या नेहमीच्या डावात प्रत्येकाजवळ २० जीवनगुण असतात. चार बळाच्या क्रीचरचे पाच वार लागले की प्रतिपक्ष संपला. ‘कमांडर’ नावाच्या प्रकारात बहुधा चौघे खेळतात आणि प्रत्येकाजवळ ४० गुण असतात. म्हणजे तिघा प्रतिस्पर्ध्यांचे मिळून १२० गुण झाले, आणि त्याच क्रीचरला आता तीस वार करावे लागतील. पान तेच, आकडाही तोच. काम मात्र सहापट वाढले. याउलट, ‘प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा एक गुण कमी होईल’ एवढेच ज्यावर लिहिले आहे, ते किरकोळ दिसणारे पान दोघांच्या डावात एक गुण घेते आणि चौघांच्या डावात एकदम तीन.

दुसरे कारण पाळीचे आहे. हल्ला करणारे क्रीचर आडवे करून ठेवावे लागते, आणि आपली पुढची पाळी येईपर्यंत ते आपल्या बचावास उभे राहू शकत नाही. दोघांच्या डावात या अवधीत एकाचाच हल्ला सोसायचा असतो, चौघांच्या डावात तिघांचा. ‘सेरा एंजेल’ हे या खेळातले पहिल्या वर्षापासूनचे पान आहे. त्याचे दोन्ही आकडे चारच. पण ते उडते, आणि हल्ला करूनही आडवे होत नाही. या दुसऱ्या गुणाचे मोल खेळाडू वाढले की वाढते.

तिसरे कारण मनुष्यस्वभावाचे. सर्वांत दांडगे क्रीचर ज्याच्यापुढे, त्याच्यावर तिघांची नजर. शिवाय मी माझे एक पान खर्चून एकाचे क्रीचर मारले, तर आम्हा दोघांचे एकेक पान गेले आणि उरलेल्या दोघांना फुकटचा लाभ झाला. म्हणून चौघांत बसलेला जाणता खेळाडू मध्यम बळाचे, नजरेत न भरणारे पान पुष्कळदा अधिक मोलाचे मानतो.

मुलांना हा विचार अगदी नवा वाटतो. परंतु आपल्या दशावतारी गंजिफेत तो पूर्वीपासून आहे. हा तिघांचा खेळ. पाने गोल, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पाने, एकूण १२०. प्रत्येकाच्या वाट्यास ४० येतात. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह हे येथले रंग! प्रत्येक रंगात राजा सर्वांत वर, त्याखाली प्रधान आणि मग दहा आकडी पाने. गंमत अशी, की पाच रंगांत दश्शी वरची आणि एक्का खालचा, तर उरलेल्या पाच रंगांत एक्का वरचा आणि दश्शी खालची. नुसत्या आकड्यावर विसंबणाऱ्याची येथे पहिल्याच डावात फजिती होते. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने उतारी करायची, रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने. तिसऱ्या क्रमांकाचे पान राजा आणि प्रधान बाहेर पडेपर्यंत दुबळे असते, आणि ते दोघे गेले की तेच त्या रंगात सर्वश्रेष्ठ ठरते. म्हणून कोणती पाने पडून गेली हे स्मरणात ठेवणे, हीच येथली खरी विद्या.

ही गंजिफा रंगवण्याची कला सावंतवाडीत जवळजवळ लोपली होती. कै. शिवरामराजे भोसले आणि बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून त्या संस्थानात सून म्हणून गेलेल्या कै. सत्त्वशीलादेवी यांनी १९७० नंतरच्या दशकात पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराच्या साहाय्याने ती पुन्हा उभी केली. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफेस भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांनाही हा वारसा परका नाही. म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडेयर यांनी गंजिफेचे नवनवे प्रकार स्वतः योजले होते.

चित्रे वाचली, ही आनंदाची गोष्ट. परंतु आज ही पाने बहुधा चौकटीत बसवून भिंतीवर टांगली जातात. खेळणारे फार थोडे उरले आहेत. तिघांत बसून हिशेब करण्याची जी शिस्त त्या पानांत होती, ती भिंतीवरून शिकता येत नाही. ती खेळूनच यावी लागते.

म्हणून विद्यार्थिमित्रांना माझे सांगणे एवढेच. पान गंजिफेचे असो वा अमेरिकेतले, उचलताना तीन प्रश्न विचारा. याचा प्रभाव एकावर पडतो की सर्वांवर? माझी पाळी परत येईपर्यंत हे मला वाचवील काय? याहून वरची कोणती पाने अजून बाहेर यायची आहेत? सावंतवाडी बेळगावपासून आंबोली घाट उतरला की येते. वसतिगृहातल्या तिघांनी मिळून एक जोड आणावा, आणि तो भिंतीवर न टांगता चटईवर मांडावा.